भिंतीवरचे परके आजे

कोकणात भिंतीवर फोटो लागला की माणूस गेला, असं धरून चालायचं. जिवंतपणी स्वतःचा फोटो लावणारा एकतर पुढारी, नाहीतर सलूनवाला. अशा मुलखात, मालवणात बसून, मी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले पदकवाले सोल्जर जमवतो. पोसलेल्या गालमिशा, छातीवर बिल्ले, कमरेला तलवार, आणि चेहऱ्यावर बद्धकोष्ठाचा करारी भाव. घरी येणारा पाहुणा आधी भिंतीला हात जोडतो, मग हळूच विचारतो, “तुमचो आजो? बराच गोरो होतो!”

आयेचा राग वेगळा. “मेल्या, आपल्या आज्याचो येक फोटो नाय, नि लोकांचे आजे इकत घेतंस?”

त्यात तिला एकदा या फोटोंच्या कागदाची हकिगत सांगून बसलो. पॅरिसच्या दिस्देरीने 1854 साली छोट्या फोटोंचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छब्या, पुठ्ठ्यावर चिकटवून साधारण अडीच बाय चार इंचांचं कार्ड. स्वस्त झाल्यावर शिपाईसुद्धा स्टुडिओत जाऊ लागला. फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात त्यासाठी दिवसाला साठ हजार अंडी फुटत. आयेने एवढंच ऐकलं आणि श्रावण लागताच अख्खी पलटण देवघराच्या भिंतीवरून पडवीत आली. “सोमवारचां घरात अंडा!” पडवीत पावसाची ओल. क्रिमियाच्या युद्धातून वाचलेले वीर मालवणच्या बुरशीपुढे चार महिन्यांत शरण येतात, म्हणून मी त्यांना तांदळाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात लपवतो.

हे फोटो वाचायला मात्र मजा येते. त्या काळच्या काचेला लाल रंग दिसतच नसे, निळा मात्र लख्ख दिसे. त्यामुळे साहेबाचा लालभडक डगला फोटोत कोळशासारखा येतो. क्रिमियाच्या पदकाची फीत फिकट निळी, काठ पिवळे. फोटोत ती पांढरी होते आणि काठ काळे. पत्र्यावर काढलेल्या फोटोत सगळंच उलटं. डाव्या छातीवरची पदकं उजवीकडे जातात. शेजारच्या आबांनी भिंग लावून निदान केलं, “डावरो असतलो.”

सगळ्यांत मोठा वाद झाला तो इंग्रज सेनापती जेम्स आउट्रमच्या तसबिरीवरून. 1857 च्या लखनौच्या लढाईनंतर स्वयंसेवक घोडेस्वारांनी शौर्याच्या व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्याला निवडलं, पण आपण तर त्यांचेच सेनापती, असं म्हणून त्याने नकार दिला. मला वाटलं, केवढा दिलदार! आबा म्हणाले, “दिलदार? सावंतवाडीच्या बंडात मनोहरगडार चालून इलो तो ह्योच मां?” गोष्ट 1844-45 ची, पण आबांच्या आवाजावरून परवाची वाटत होती. त्या तसबिरीखाली ते चहा घेत नाहीत. खुर्ची सरकवून घेतात.

आपल्या आज्याच्या फोटोचा आयेचा प्रश्न मात्र खरा आहे. मालवण, वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. तिथली मराठा आणि महार पोरं ढिगाने मुंबईच्या फौजेत होती. त्या फौजेतले लोक 1868 साली हबसाणात, म्हणजे इथिओपियात, मगदाला किल्ल्यापर्यंत जाऊन आले. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना 1911 पर्यंत बंद. पराक्रम केलाच तर 1837 पासूनचा ऑर्डर ऑफ मेरिट. पण लढाईचं पदक मिळे, चांदीचं, नि बहुधा त्यावर नाव कोरलेलं. म्हणजे आउट्रम सोडला तर इंग्रजाचा नुसता चेहरा माझ्याकडे, नाव गायब. आणि आमच्या माणसाचं नाव पदकावर, चेहरा कुठेच नाही. पदक तरी राहिलं का? गावात कुणाच्या ट्रंकेत आहे का, म्हणून विचारत फिरलो. एका म्हातारीने शांतपणे नातीच्या पायांकडे बोट दाखवलं. पैंजण चांगले घडवले होते, सोनाराला नावं ठेवायला जागा नाही.

यंदा भाद्रपदात आयेने तोडगा काढला. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या असते, आणि आउट्रम सोडला तर माझ्या डब्यातल्या एकाचीही तिथी कुणाला ठाऊक नाही. तिने एक पान जास्तीचं वाढलं. आबांनी अट घातली, आउट्रमचो घास धरूचो नाय. मग पानाकडे बघत आये बराच वेळ विचारात पडली.

“वडे खातले रे,” ती म्हणाली, “पण काळ्या वाटाण्याचां सांबारां ह्येंका सोसात?”