मुदतबाह्य गोळ्या आणि जिभाऊंचा मोगरा

आमचे धुळ्याचे जिभाऊ महसूल खात्यात अव्वल कारकून होते. आणि राजवाडे संशोधन मंडळाच्या गावी उभी हयात गेल्यामुळे म्हणा, की दप्तराच्या दीर्घ सहवासामुळे म्हणा, कागदाचा कपटा असो वा गोळ्यांची अर्धी पट्टी, कोणतीही चीज टाकून देणे त्यांच्या लेखी सरकारी दस्तऐवज जाळण्याइतकेच दंडनीय होते. परिणामी घरातली दुखणी सरली तरी औषधे शिल्लक राहत, औषधांची मुदत संपली तरी जिभाऊंची आस्था संपत नसे, आणि अखेर त्या सर्व शिलकेचा बोजा अंगणातल्या कुंड्यांवर चढे. ज्वरावरच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या मोगऱ्याला, पित्तावरचा सोडा जास्वंदीला, खोकल्याचे तांबडे औषध तुळशीला, असा वाटपाचा तक्ताच ठरलेला होता. सकाळी चष्मा कपाळावर चढवून, पेल्यात चमच्याच्या पाठीने गोळी चुरडून ते पाणी मुळाशी ओतले, की ‘मोगरा : प्रकृती यथास्थित’ अशी नोंद ते रोजनाम्यात स्वहस्ते करीत. शेजारच्या आक्का कुंपणावरून ‘झाडले काय समजस, जिभाऊ?’ असे विचारीत. ‘समजत नाही म्हणूनच तक्रार करीत नाही,’ हे जिभाऊंचे उत्तर. जन्मभर खातेदारांच्या तक्रारी ऐकलेल्या गृहस्थाला असा रोगी प्रिय व्हावा, यात नवल ते काय?

त्यांचे जळगावचे मेहुणे केळीचे बागाईतदार. ते या उपचारांची यथेच्छ थट्टा करीत. परंतु शास्त्राने जिभाऊंना अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. 1979 साली इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील संशोधन केंद्रात व्हाइट नामक शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचले, तो मोझॅक विषाणूला तोंड देण्याची त्या पानांची शक्ती वाढलेली आढळली. कारण असे, की अ‍ॅस्पिरिनचे सख्खे भावंड जे सॅलिसिलिक आम्ल, ते वनस्पती स्वतःच्या अंगी स्वतःच तयार करतात, आणि रोगाची धाड आली की त्याच्याच करवी बचावाची यंत्रणा जागी करतात. हेच आम्ल फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूच्या निर्मितीत मोडता घालते. त्याच्या द्रावणात बुडवलेली केळी उशिरा पिकतात, असेही प्रयोगांती दिसले आहे. हे ऐकून मेहुण्यांची मुद्रा पालटली, कारण नुकताच त्यांच्या बागेत ‘हरण्या’ रोग शिरला होता, आणि तोही एका मोझॅक विषाणूचाच प्रताप. मात्र तंबाखूच्या खटल्याचा निवाडा केळीला लागू करू नये, आणि केला तरी त्याच्या भरवशावर रोगट खोड उपटायचे राहू नये.

खरे पाहता खानदेशात पिकांना माणसांची औषधे पाजण्याचा शिरस्ता जिभाऊंच्याही पलीकडचा आहे. आमचे आजोबा ज्या मॅग्नेशियम सल्फेटने पहाटे कोठा साफ करीत, त्याचीच फवारणी कपाशीवर ‘लाल्या’ आला म्हणजे करतात. उभ्या शिवाराला जुलाब देण्याचा हा एकमेव शास्त्रमान्य प्रकार असावा. पेनिसिलीनसाठी 1954 साली पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी काढली आणि ती कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यावर पंपात पडू लागली. तिच्यातले स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोग्याचे इंजेक्शन! येथे मात्र थट्टा थांबवावी लागते. कारण मातीतले जंतू अशा औषधाला सरावले, की पुढे रोग्याच्या अंगातल्या जंतूंवरही त्याचा अंमल चालेनासा होण्याचे भय असते.

जिभाऊंच्या उरलेल्या औषधांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. खोकल्याच्या औषधातील साखरेने तुळशीपाशी मुंग्यांची रांग लागली, एवढाच त्याचा गुण. सोडा मात्र वाईट. खानदेशची काळी जमीन आधीच विम्लतेकडे झुकलेली, तीत सोडियमची भर पडली की माती चिप्प होते आणि पाणी मुरत नाही. जास्वंदीने तेवढ्यासाठी पाने पिवळी केली, ती जिभाऊंनी ‘ऋतुमानपरत्वे’ असा शेरा मारून दाखल केली.

तेव्हा वाचकहो, उरलेली प्रतिजैविके कुंडीत ओतू नका आणि सोडा स्वयंपाकघरातच ठेवा. तुळशीला पाणी घालावे. उन्हाळ्यात धुळ्यात तेवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.