मा. स्वयंचलित वेळ साहेबांना गोंडपिपरीहून

प्रति,
मा. स्वयंचलित तारीख व वेळ साहेब,
मुक्काम सेटिंग्ज, सर्व मोबाइल फोन.

विषय : दिवस उजाडल्याची दखल घेण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० चे निवेदन.

महोदय,

संदर्भातलं निवेदन आम्हाला मे महिन्यात जंगलात मिळालं. आदल्या रात्री वादळ झालं, लाइन गेली, फोन पार मेला. सकाळी गावातल्या एका सोलर प्लेटला लावून त्याला उठवलं, तर पडद्यावर आपण. सोबतच्या काकू वाकून बघत म्हणाल्या, "ऊन डोक्यावर आलं, अन् हा म्हन्ते अजून कोंबडा नाही आरवला!"

काकूंना काय सांगणार? फोनच्या पोटातली वेळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजते, आणि ती मध्यरात्र ग्रीनिचची. पोटातलं घड्याळ बंद पडलं की आपण शून्यावर जाता, आणि भारत साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटेचे साडेपाच. म्हणजे साल विसरलात, महिना विसरलात, पण देश विसरला नाहीत. या देशभक्तीबद्दल आपलं अभिनंदन. फक्त त्या तारखेला मी जन्मलो नव्हतो आणि गडचिरोली जिल्हाही जन्मला नव्हता. तो आमच्या चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. एका चार्जरच्या पिनेने आपण दोन्ही जिल्हे पुन्हा एक केलेत.

गॅलरीतले फोटो आजोबांच्या लग्नाआधीचे दाखवता, ते चालेल. व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, तेही चालेल. बँकेचं अ‍ॅप म्हणालं असतं, जोडणी असुरक्षित आहे, कारण त्याचं प्रमाणपत्र आपल्या हिशेबाने अजून निघायचंय. पण तिथे मुळात रेंजच नव्हती, म्हणून त्याचंही दुःख नाही. रेंज असते तिथे, वर्धा नदीच्या काठाला, स्वतःच्याच वावरात उभं राहून तेलंगणात स्वागत झाल्याचे मेसेज येतात. त्यांची आणि आमची वेळ एकच, एवढाच त्यातला दिलासा.

दुःख हजेरीचं आहे. आमच्या कामावर हजेरी फोनवरूनच लागते. (कार्यालयाचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे.) अ‍ॅप उघडलं, तर ते म्हणालं, तारीख चुकीची आहे, स्वयंचलित वेळ चालू करा. ती चालूच होती. आपणच चालू होतात, साहेब, पूर्ण तेजात, १९७० साली! मग आपल्याला बंद करून मनगटावरच्या घड्याळात बघून खरी वेळ हाताने भरली. त्यावर अ‍ॅपने ठरवलं की मी वेळेत फेरफार केला. आपण सांगितलेलं खोटं चालतं का, तर नाही. मी सांगितलेलं खरं चालतं का, तर तेही नाही. दिवसभर उन्हात उभा असलेला माणूस गैरहजर लागला, आणि पगारातून दिवस कापला गेला.

आपली बाजू मला कळते. फोन टॉवरच्या टप्प्यात आला की टॉवर त्याला वेळ कळवतो, तीही कंपनीने ती सोय ठेवली असेल तर. नसेल तर फोन इंटरनेटवरच्या घड्याळाला विचारतो. दोन्ही नसतील तर आपण हातावर हात ठेवून बसता. गडचिरोलीत शिक्षा म्हणून बदली झालेला साहेब जसा वरून आदेश आला नाही म्हणून गप्प बसतो, तसे.

पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. त्याच फोनने, त्याच मिनिटाला, मी कुठे उभा आहे ते अक्षांश-रेखांशासह काढलं. कशावरून? उपग्रहांवरून. आणि उपग्रह काय पाठवतात? वेळ! प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ आहे. त्यांचे इशारे पोचायला किती उशीर लागला, त्यावरूनच जागा ठरते. म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत मोजलेली वेळ आकाशातून माझ्या डोक्यावर ओतली जात होती. अ‍ॅपने तिच्यातून फक्त मी पळालो नाही ना, एवढं तपासून घेतलं, आणि वाजले किती हे टॉवरला विचारायला गेलं. टॉवर होता कुठे? माणसावर पाळत ठेवायला उपग्रह पुरतो, त्याची मजुरी लावायला पुरत नाही? ही कुणाची अक्कल?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या घड्याळांवर देशाची वेळ राखतात. सगळ्या देशाने तीच वापरावी म्हणून केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदाही काढला. काढा. आमचा सूर्य तसाही त्या वेळेच्या दहा-अकरा मिनिटं मागे चालतो, कारण प्रमाणवेळेची रेषा पार मिर्झापूरकडून जाते. त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही.

मुंबईने केली होती. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ आली आणि घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली, तेव्हा गिरणी कामगारांनी काम थांबवलं. पालिकेच्या घड्याळांनी मुंबईची जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. पण त्यांचं बरं होतं. घड्याळ मालकाचं होतं, भिंतीवर होतं, त्याच्याकडे बोट दाखवता येत होतं. आमचं घड्याळ आमच्याच खिशात, आमच्याच हप्त्यांवर घेतलेलं, आणि साक्ष मात्र आमच्याविरुद्ध देतं.

रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो, त्यावर वेळेचा आणि ठिकाणाचा शिक्का. माती खणणाऱ्या बाईला आता कुदळीपेक्षा टॉवरची काळजी जास्त. भल्या पहाटे तेंदूची पानं तोडायला जाणाऱ्या या बायका झाडाच्या सावलीवरून वेळ सांगतात आणि ती चुकत नाही. त्यांना तुझ्यासारख्याने हजर ठरवायचं? आदल्या रात्रीचा एक झटका ज्याची पन्नास वर्षं पुसून टाकतो, त्याने?

आणि तरी तुझ्यावर धड रागावताही येत नाही. काळोखात उठलास, बाजूला ओळखीचं कुणी नाही, आणि आठवलं ते फक्त जन्मसाल. खोटंही बोलला नाहीस, माहीत नव्हतं तेच बोललास. तुला साक्षीदार करून कुणी उभं केलं, ते तुला कुठे ठाऊक आहे?

तरी विनंती की, वेळ माहीत नसेल तेव्हा पडद्यावर तसं स्पष्ट लिहावं : "वेळ माहीत नाही, शेजारच्या माणसाला विचारा." आणि अ‍ॅपने ते ग्राह्य धरावं.

आपला,
एक गैरहजर कर्मचारी,
गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

प्रत माहितीसाठी : डोक्यावरून जाणारे सर्व उपग्रह.