आधी कुठलं पाकीट संपतं?

टोकियोतल्या कुठल्याही कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, वेफर्सच्या फळीपुढे उभं राहिलं की आपण फारच साधे लोक आहोत असं वाटायला लागतं. आपल्याकडे वेफर्सच्या जाती दोन: खारे आणि तिखट. तिसरे उपवासाचे, पण तो विषय धर्माचा, चवीचा नाही. इथे मात्र शेवाळाचे, खारवलेल्या आंबट उमे फळाचे, क्युशूच्या गोडसर सोया सॉसचे, मध-लोण्याचे, वासाबी आणि गोमांस एकत्र नांदवणारे. कोइकेया कंपनीने मध्यंतरी संत्र्याच्या, केळ्याच्या आणि पीचच्या चवीचेही काढून पाहिले. केळ्याचे वेफर्स आपण वर्षानुवर्षं खात आलोय. पण बटाट्याचे, केळ्याच्या चवीचे वेफर्स ही कल्पना केरळलाही सुचली नाही. (इथले लोक ‘पोटेची’ म्हणतात. मी वेफर्सच म्हणणार. चाळिशीनंतर जीभ फक्त खाण्यासाठी वळते.)

त्यात कॅल्बी कंपनीने २०१७मध्ये जपानच्या ४७ प्रांतांसाठी ४७ चवी काढायचा घाट घातला आणि तडीस नेला. आपल्याकडे कुणी छत्तीस जिल्ह्यांच्या छत्तीस चवी काढायला घेतल्या तर पहिल्याच बैठकीत नागपूर आणि कोल्हापूर तिखटावरून हमरीतुमरीवर येतील, आणि पुणे ‘आमची चव हीच मूळ चव, बाकीच्यांनी आपापलं नाव बदलावं’ असं लेखी कळवेल. जपान्यांनी मात्र कुरकुर न करता कुरकुरीत काम केलं. अडचण एवढीच, की अशा चवी ठरावीक मुदतीच्या असतात. एखादी आवडली म्हणून महिन्याभराने पुन्हा आणायला जावं, तर त्या जागी भलतंच पाकीट हसत उभं असतं. जपानमध्ये वेफर्सवर जीव लावू नये. लावायचाच तर जुन्या, कायम मिळणाऱ्या घराण्यांवर लावावा.

ही घराणी कशी उभी राहिली तेही ऐकण्यासारखं आहे. हवाईत राहून आलेल्या हामादा ओतोशिरो यांनी युद्धानंतर, १९५०च्या सुमाराला, इथे बटाट्याचे चिप्स विकायला काढले. त्यांच्या पाकिटावरची हुला नाचणारी बाई अजून नाचतेय. पण तेव्हा ते बिअरबरोबरचं महागडं खाणं होतं. कोइकेयाचे कोइके काझुओ हे गृहस्थ मूळचे चकण्याचे पदार्थ करणारे. मित्रांबरोबर एका गुत्त्यात बसले असताना पुढ्यात चिप्स आले, आणि त्यांना ते इतके आवडले की हे सामान्य माणसाला परवडलं पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. गुत्त्यात बसून लोक आयुष्यात बरंच काही मनावर घेतात. सकाळी उठून ते करणारा विरळा. १९६२मध्ये त्यांनी ‘नोरी-शिओ’ बाजारात आणलं. परदेशी चवीची नक्कल न करता मीठ, हिरवं समुद्रशेवाळ आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी लाल मिरची. १९६७पासून ते यंत्रावर मोठ्या प्रमाणात निघायला लागलं.

कॅल्बी या धंद्यात उशिरा आली, १९७५ साली. तोपर्यंत ही हिरोशिमाची कंपनी कोळंबीच्या कुरकुरीत काड्यांसाठी प्रसिद्ध होती. कॅल्शियम आणि जीवनसत्त्व बी-१ यांच्या आद्याक्षरांवरून तिचं बारसं झालेलं. तळणीच्या धंद्याला असं नाव ठेवणं म्हणजे भज्यांच्या गाडीवर ‘आरोग्यधाम’ अशी पाटी लावण्यातलाच प्रकार. नव्वद ग्रॅमचं पाकीट शंभर येनला ठेवलं, तरी सुरुवातीला खप यथातथाच. मग पुढच्या वर्षी दूरदर्शनवर एक मुलगी येऊन सांगायला लागली की शंभर येन देऊन हे चिप्स विकत घेता येतात, पण हे चिप्स देऊन शंभर येन विकत घेता येत नाहीत, तरी क्षमस्व. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं आणि खरेदी करण्याचं कारणही काही नव्हतं. असला शुद्ध, निरुपयोगी तर्क मी आजवर फक्त सदाशिव पेठेतल्या पाट्यांवर वाचला होता. माल धो धो खपला. आता पाकीट साठ ग्रॅमवर आलंय आणि त्यालाही शंभर येन पुरतीलच असं नाही, त्यामुळे त्या वाक्याचा पहिला भाग डळमळलाय. दुसरा अजून खणखणीत खरा आहे.

हे सगळं अचानक महत्त्वाचं झालं ते आईमुळे. यंदा ती आमच्याकडे निशि-कासाईला राहायला आली होती. परत जाताना पुण्याच्या मंडळींना वेफर्स न्यायचे, आणि तेही एकाच चवीचे, असं तिनं जाहीर केलं.

“एकाच का?”

“वेगवेगळे नेले की ज्याला जे मिळतं त्याला दुसऱ्याचं हवं असतं. सगळ्यात चांगले कुठले ते ठरव आणि तेवढेच आण.”

शिवाय बॅगेचा हिशोब होता. वेफर्सना वजन नसतं, ऐस असते. साठ ग्रॅमचं पाकीट आत लोळत पडतं आणि दोन साड्यांची जागा अडवतं. तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर निवड समिती बसली: मी, माझी कोल्हापूरची बायको, इथेच वाढलेली लेक, एक मालवणी मित्र आणि माझ्या ऑफिसातले निवृत्तीला आलेले एक जपानी सहकारी. अध्यक्षपदी आई.

आईला या विषयात कमी लेखू नये. तिने वैशाखात गच्चीवर वेफर्स घातलेले आहेत. बटाटे सोलून चकत्या थेट पाण्यात पाडायच्या, तुरटी फिरवलेल्या पाण्यात ठेवायच्या, उकळत्या पाण्यातून अर्धवट शिजवून उपसायच्या आणि प्लॅस्टिकच्या कागदावर एकेक सुटी पसरायची. चकतीला चकती लागली की तिथे ओल राहते, आणि ओल राहिली की तो वेफर तळताना कच खातो. दुपारी उन्हात जाऊन सगळ्या उलटायच्या. हे काम आम्हा मुलांकडे असे, आणि उलटलेल्यापेक्षा पोटात गेलेल्या जास्त असत. “फ्रिजमधला बटाटा घेऊ नये, लाल पडतो,” हे तिचं जुनं सूत्र. माझ्या सहकाऱ्यांना मी ते भाषांतर करून सांगितलं, तर ते खुर्चीत ताठच बसले. थंडीत बटाट्यातल्या पिठुळाची साखर होते आणि तळताना ती करपते, म्हणून इथल्या कंपन्या होक्काइडोत तोयोशिरोसारखी कमी साखरेची खास जात लावून घेतात, असं ते म्हणाले. आई म्हणाली, “तेच तर मी म्हणतेय.” त्यानंतर दोघांना एकमेकांची भाषा न येताही समितीत त्यांचा एक गट झाला.

पहिली फेरी शाकाहाराची. लेक मोबाइलचा कॅमेरा पाकिटामागच्या मजकुरावर धरायची आणि उमटेल ते वाचायची. कॉन्सोमे पंच, १९७८पासूनचा लाडका प्रकार, पिवळं पाकीट. “आजी, यात गाय आहे. कोंबडी आहे. डुक्कर पण आहे. आणि आलुबुखारसारख्या कशाची तरी पावडर.”

“बटाटा आहे का?” आईने शांतपणे विचारलं.

वासाबीफला तर नावातच दगा होता, तो पाकीट न फोडता बाद. म्हणजे अध्यक्षांसाठी बाद. मालवणी मित्राने फोडून खाल्ला आणि वासाबी नाकात चढल्यावर डोळे पुसत “सुंदर” म्हणाला. साध्या मिठाचे, उसुशिओ, निर्धास्त वाटले होते, तर त्यात कोंबूचा अर्क निघाला.

“कोंबू म्हणजे?”

“समुद्रातलं शेवाळ, आजी.”

आईने क्षणभर विचार केला. “चायना ग्रासही त्यातलंच ना? मग ते मी एकादशीलासुद्धा केलंय.” उसुशिओ उत्तीर्ण. शेवाळाचेही त्याच न्यायाने.

मग खरी फेरी. बायकोने कारामुचो लावून धरला. १९८४पासूनचा हा जपानचा तिखटजाळ वेफर, पाकिटावर एक म्हातारी तिखटाने हाय हाय करत ओरडतेय. बायकोने चार-पाच एकदम तोंडात टाकले, सावकाश चावले, पाकीट हातात घेऊन त्या म्हातारीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “या बाईंना झालंय काय?” तरी माहेरच्या अभिमानापोटी तिचं मत त्यालाच, कारण निदान प्रयत्न केलाय म्हणे. लेक मध-लोणीवाल्या शिआवासे बटरसाठी भांडली. त्यात मध, लोणी, पार्सली आणि मास्कारपोने चीज. आईने वास घेऊन विचारलं, “शंकरपाळ्यांच्या डब्यात ठेवले होते का?” मी काताआगेच्या बाजूचा. जाड काप, सावकाश तळलेला, चावताना आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही इतका आवाज. पण पुण्यात बाबांची कवळी आहे, हा मुद्दा बायकोने काढला आणि माझा उमेदवार तिथेच पडला.

सहकारी मात्र उसुशिओवरून हलेनात. मीठ कमी असलं की बटाटा कळतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खात होते चॉपस्टिक्सनी. जपानमध्ये हे नवल नाही. बोटं तेलकट होऊन कीबोर्ड खराब होऊ नये म्हणून पुष्कळ लोक असे खातात. एका खेळण्यांच्या कंपनीने तर वेफर उचलायचा यांत्रिक हातही काढला होता. माझं स्पष्ट मत आहे की बोटं न चाटता खाल्लेला वेफर मोजू नये. वेफरची निम्मी चव बोटावर उरते आणि ती शेवटी घ्यायची असते. आईला मात्र चॉपस्टिक्स फार पटल्या. “सोवळ्यात खाता येतील,” म्हणाली.

पिझ्झा पोटॅटो टेबलावर नव्हता, तो कुणाला सापडला नाही म्हणून नाही, तर दुकानातच पाकिटावरचे चीजचे थर पाहून आईने नकाराची मान हलवली म्हणून. पण त्याचं नाव निघताच सहकारी हळवे झाले. २०१६च्या ऑगस्टमध्ये होक्काइडोवर एकापाठोपाठ एक चक्रीवादळं आली आणि बटाट्याचं पीक गेलं. देशातला बहुतांश बटाटा तिथलाच, त्यामुळे २०१७च्या एप्रिलमध्ये कंपन्यांनी कित्येक प्रकारांची विक्री थांबवली, त्यात हा पिझ्झा पोटॅटो. लोकांनी रिकाम्या फळ्यांचे फोटो काढले. इंटरनेटवर एकेक पाकीट मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकायला लागलं. “त्याआधी मला तो विशेष आवडत नसे,” सहकारी म्हणाले, “पण ते दोन-तीन महिने दुसरं काही सुचत नव्हतं.” आपल्याकडे कांद्याच्या बाबतीत सरकारं हलतात, इथे निदान कुणी राजीनामा दिला नाही.

तासाभराने मतं मोजली तर प्रत्येक उमेदवाराला एकेक मत. जपानी पद्धतीने सगळ्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं, मराठी पद्धतीने कुणीही आपलं मत सोडलं नाही. आईने मग आपल्या अध्यक्षीय अधिकारात टेबलावरची पाकिटं उचलून एकेक करून हलवायला सुरुवात केली. कारामुचो अर्धा शिल्लक. मध-लोणी अर्ध्याहून जास्त. लेक बाजू मांडण्यातच गुंतली होती. काताआगे जवळजवळ भरलेला, मी त्याच्याबद्दल फार बोललो होतो. उसुशिओ निम्म्यावर, चॉपस्टिक्सचा वेग तो काय असणार.

नोरी-शिओचं हिरवं पाकीट रिकामं होतं. तळाशी हिरवा चुरा, तोही कुणीतरी बोट फिरवून गोळा केल्याच्या खुणा. त्याच्या बाजूने टेबलावर एकच माणूस बोलला होता, आमचा मालवणी मित्र, आणि तोही एवढंच, की ओहोटीच्या वेळी वेंगुर्ल्याच्या खडपावर असा वास येतो. खाल्लं मात्र सगळ्यांनी. आपापल्या उमेदवाराचा प्रचार करता करता, नजर दुसरीकडे ठेवून, प्रत्येकाचा हात तिकडे जात होता. सहकाऱ्यांच्या चॉपस्टिक्सच्या टोकाला हिरवे ठिपके होते. बायकोने आपली बोटं पदराआड नेली, पण तोवर उशीर झाला होता. माझ्या बोटांबद्दल मी काही सांगणार नाही.

“झालं की,” आई म्हणाली. “हेच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानातलं सगळं हिरवं उचललं. दोन साड्या, एक स्वेटर आणि लेकीने आजीला दिलेली भलीमोठी बाहुली टोकियोतच राहिली. पाकिटं विमानात हवेच्या कमी दाबाने फुगली म्हणे, पण फुटलं एकही नाही.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. “अरे, वेफर्स एकदम झकास होते हो. आमच्याकडे आले त्या रात्रीच फस्त. मला फक्त एक विचारायचं होतं. ती कसुरी मेथी तळायच्या आधी लावतात की नंतर भुरभुरवतात?”

मी शेवाळाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला.

“नंतर म्हणून सांग तिला. आणि म्हणावं, तुरटी विसरू नको.”