फुकटात पडलेली रायफल

पेन्सिल्व्हेनियातल्या लहान गावात जानेवारीच्या बर्फात मोटार बाहेर कुडकुडत उभी असेल, तर त्या घराच्या गॅरेजात एखादे मिस्त्री असण्याचा दाट संभव असतो. मिस्त्री हे आम्हा इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं नाव. पोटापाण्यासाठी ते दंतवैद्य असतील, शाळेत भूगोल शिकवत असतील, नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त झालेले असतील. पण संध्याकाळी एप्रन चढवला, की जगातल्या कुठल्या तरी संपलेल्या लढाईची लष्करी रायफल घेऊन तिची शिकारीची रायफल करायला बसतात.

"दुकानातून सरळ नवी का घेत नाही?" असं त्यांना कधी विचारू नये. चकलीची भाजणी विकत आणणाऱ्या सुनेकडे जुन्या सासवा जशा बघत, तसं बघतात. मग एकच शब्द उच्चारतात: "बचत."

ही बचत समजून घेण्यासारखी आहे. मिस्त्री रायफल विकत घेत नाहीत, 'अ‍ॅक्शन' घेतात. म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा, कुलूपबंद करणारा आणि रिकामं टरफल बाहेर फेकणारा मधला पोलादी भाग. पाऊल माउझरने 1898 साली जर्मनीत तो असा काही बसवला, की आजही शिकारीच्या रायफली त्याच बेतावर होतात. मिस्त्रींना हा भाग चेकोस्लोव्हाकियाच्या, युगोस्लाव्हियाच्या किंवा तुर्कस्तानच्या फौजेकडून जवळजवळ फुकटात मिळालेला असतो. बाकी रायफल काय, 'वरची किरकोळ कामं'.

किरकोळ कामांची सुरुवात ग्रीसने होते. साठवणीसाठी लष्कराने सगळ्या हत्याराला चोपडलेलं ते तपकिरी चिकट द्रव्य लाकडात इतकं मुरलेलं असतं, की ऊब दिल्याशिवाय सुटत नाही. ऊब घरात कुठे असते? ओव्हनमध्ये. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीला कुठला वास येत होता हे पाहुण्यांना कळत नाही, बायकोला कळतं. नंतर लष्करी नळी काढून टाकायची आणि नवी बसवायची. बोल्टचा, म्हणजे अ‍ॅक्शनमधल्या मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्याचा, दांडा वर उचलला की वर बसवायच्या दुर्बिणीला आपटतो, म्हणून तो कापून, खाली वळवून पुन्हा जोडायचा; तेही बोल्टच्या पुढच्या टोकाचं पाणी उतरू न देता. दुर्बिणीसाठी भोकं पाडायची, तर वरचं पोलाद असं कडक, की ड्रिलची पाती एकामागून एक मोडतात. फौजी चाप जड, म्हणून नवा चाप. आणि शेवटी अक्रोडाचा दस्ता. लोखंडाला काळं फासायचं, लाकडात बसवून बघायचं, उचलायचं, जिथे काळं उमटलं तिथे पटाशीने केसभर खरवडायचं, पुन्हा काळं फासायचं. असा एक अख्खा हिवाळा जातो. त्यावर पकडीसाठी इंचाला बाविसेक रेघांची चौकडी कोरायची. एक रेघ घसरली, की गॅरेजातून जो शब्द ऐकू येतो तो चर्चला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

खर्चाचं विचाराल, तर हत्यारं हिशेबात धरायची नसतात, कारण ती पुढच्या रायफलीलाही उपयोगी पडणार. पुढच्या रायफलीतही धरायची नसतात, कारण ती घरात आधीपासूनच आहेत. या तर्काने लेथ आजतागायत कुठल्याच रायफलीच्या खात्यावर पडलेला नाही.

एकाच जागी मिस्त्री थट्टा खपवून घेत नाहीत. काडतूस नळीत नेमकं किती खोल बसतं हे मोजायला त्यांच्याकडे दोन मापं असतात, 'गो' आणि 'नो-गो'. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. त्या वेळी रेडिओसुद्धा बंद असतो. कारण उघड आहे: स्फोट गालापासून वीतभर अंतरावर व्हायचा असतो. अमेरिकेच्या स्वतःच्या 1903 सालच्या स्प्रिंगफील्ड रायफली त्यांना प्राणांहून प्रिय, पण क्रमांक 8,00,000च्या खालचा असेल तर मिस्त्री तिला हात लावत नाहीत. त्या काळी कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून उष्णता ठरवत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी अंदाज चुकून पोलाद जास्त तापे, मग ठिसूळ होई. ही गोष्ट मिस्त्री अशा चेहऱ्याने सांगतात, की तो कारागीर त्यांचा सख्खा चुलता असावा.

आता खरं सांगायचं तर हिशेब मुळात चुकीचा नव्हता. तो मिस्त्रींच्या वडिलांचा होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपभरच्या फौजांच्या रायफली पिंपांत उभ्या करून अमेरिकेत विकल्या गेल्या. मासिकात जाहिरात बघून पोस्टाने मागवता येत. 1963 साली केनेडींवर झाडली गेलेली इटालियन रायफल अशीच, दुर्बिणीसकट 19 डॉलर 95 सेंटला टपालाने आलेली. 1968च्या कायद्याने ती टपालविक्री आणि फौजी मालाची आयात दोन्ही बंद केली. पण तोवर कारखान्यातली रायफल महाग, जुनी मातीमोल आणि गिरणीतून सुटल्यावर हातात वेळ, असा तो काळ होता. वडिलांनी खरोखरच पैसे वाचवले. टेडी रूझवेल्ट तर राष्ट्राध्यक्ष असताना सरकारी कारखान्यातूनच स्प्रिंगफील्डची शिकारी रायफल करून घेऊन 1909 साली आफ्रिकेला गेले. हा दाखला मिस्त्री बायकोला देतात. ती म्हणते, त्यांच्या ओव्हनचं मला माहीत नाही.

आज कारखान्यातली कोरी रायफल 500 डॉलरच्या आत मिळते आणि मिस्त्रींच्या रायफलीइतकाच अचूक नेम धरते. त्यांची रायफल एकट्या नळी-दस्त्याच्या खर्चातच तिला मागे टाकते. वरताण म्हणजे, जिच्यावर त्यांनी करवत चालवली ती मूळची फौजी रायफल, सगळे क्रमांक जुळणारी, आहे तशी ठेवली असती तर संग्राहकाने दुप्पट-तिप्पट मोजले असते. प्रदर्शनात असा संग्राहक मिस्त्रींचं काम पाहून देव्हाऱ्यातली मूर्ती वितळवल्यासारखा कळवळतो. मिस्त्री त्याला एवढंच विचारतात, "तुझी कधी झाडलीयेस?" दोघं वर्षभर बोलत नाहीत. पुढच्या प्रदर्शनात शेजारी शेजारी बसून डोनट खातात.

मी पुण्याचा, हे कळल्यावर आमच्या मिस्त्रींकडे माझा भाव एकदम वधारला. त्यांनी कपाटातून बंगालमधल्या ईशापूरची रायफल काढली. 1962च्या युद्धानंतर 7.62 मिलिमीटर काडतुसासाठी केलेली ही. आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर असे त्या थ्री-नॉट-थ्रीच्याच घराण्यातली. माझे डोळे पाणावतील अशी त्यांची अपेक्षा असावी. माझा शस्त्रविद्येचा अनुभव पिचकारीपाशी संपतो. मग त्यांनी एक जुनं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं. खडकीचा कारखाना! मी म्हणालो, लोणावळ्याच्या लोकलने शिवाजीनगरच्या पुढे हे स्टेशन लागतं. मिस्त्री स्टुलावर बसले.

"तू पाहिलायस तो?"

"बाहेरून. भिंत."

भिंतसुद्धा पुरली. त्या दिवसापासून मला कॉफी धुतलेल्या कपात मिळते.

पुढच्या पुण्याच्या फेरीत तिकडून दोन-चार जुन्या अ‍ॅक्शन आणता येतील का, असं त्यांनी विचारलंच. मी 1959चा शस्त्र कायदा, परवाना, लष्करी काडतुसांवरची बंदी, विमानतळावरचा जवान असं सगळं क्रमाने समजावलं. त्यांनी दुःखाने मान हलवली. मग कानामागची पेन्सिल काढून म्हणाले, "बरं, ते राहू दे. काश्मिरात अक्रोडाचं लाकूड स्वस्त असेल, नाही?"

त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, बायको उभी होती. मी शपथेवर सांगितलं, काश्मिरात अक्रोड होतच नाही.