ओरिजिनल बॉक्ससह

मालाड पश्चिमेच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पाण्याच्या टँकरची तक्रार आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस यांच्या मधोमध परवा एक जाहिरात पडली. ‘कॉम्पॅक्ट वर्कस्टेशन विकणे आहे. आय सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी डिस्क, क्वाड्रो ग्राफिक कार्ड. घेतला १,१०,००० ला. आता फक्त ७५,०००. सिंगल हँड. घासाघीस करणाऱ्यांनी वेळ घालवू नये. ओरिजिनल बॉक्ससह!!!’

काका तुम्हाला ठाऊक आहेत. प्रत्येक बिल्डिंगीत एक असतोच. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक न काढणारे, फ्रिजची पावती लॅमिनेट करून ठेवणारे. हा कॉम्प्युटर त्यांनी २०१८ च्या गणपतीत मुलीसाठी घेतला. ती थ्रीडी शिकणार होती. ती एमबीए करून बेंगळुरूला गेली आणि तेव्हापासून वर्कस्टेशनवर काका लाइट बिल भरतात आणि सॉलिटेअर खेळतात. चार कोर, आठ थ्रेड, आणि लाल दश्शीवर काळी नव्वी.

७५,००० हा आकडा आणला कुठून, असं विचारल्यावर काका म्हणाले, ‘मनाला पटेल असा लावलाय.’ मन सोडून इतर कुणाला विचारलं तर गणित निराळं निघतं. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दर वर्षी ४० टक्के घसारा. १,१०,००० ला सात आर्थिक वर्षं ही कात्री लावा, ३,०७९ रुपये उरतात. कंपनी कायदा तर डेस्कटॉपला ३ वर्षांचंच आयुष्य देतो. म्हणजे काकांचं यंत्र दोनदा वारून तिसऱ्यांदा नांदतंय. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार खोलून बघून, मान हलवून, पंधरा-सोळा हजारांवर येईल. त्यालाही चहा पाजावा लागेल.

‘पण बॉक्स आहे ना!’ काका म्हणाले. ‘बॉक्स नसता तर सत्तरलाच दिला असता.’

म्हणजे बॉक्सचे ५,०००. मी बॉक्स पाहिला. मी स्टुलावर, काका स्टूल धरून खाली. माळ्यावर, मखर आणि पितळी पातेल्यांच्या शेजारी, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला. चिकटपट्टी कापताना ब्लेड सरळ गेलं पाहिजे म्हणून त्या वेळी पट्टी लावून कापलेली. आत फोमचे दोन साचे, वायरीला पीळ घालायची ती इवलीशी तार, आणि सिलिका जेलची पुडी. ‘पुडीसुद्धा ओरिजिनल आहे,’ काका खालून म्हणाले.

आता मुळात हे यंत्र घेतलं कशाला होतं? जागा वाचावी म्हणून. १८ सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद, साडेतीन जाड. सगळं मिळून जेमतेम लिटरभर. वन बीएचकेतल्या टेबलावर कोपऱ्यात बसतं, आणि उरलेल्या टेबलावर जेवता येतं. या लिटरभर यंत्राचा बॉक्स दीड फूट बाय दीड फूट आहे, कारण त्यात कीबोर्ड येतो, अडॅप्टर येतो, आणि कुणीही कधीही न वाचलेली पुस्तिका येते. मालाड पश्चिमेला जुन्या बिल्डिंगीतसुद्धा चौरस फुटाला वीस हजारांच्या खाली बोललात तर दलाल फोन ठेवतो. वीसच धरू. कॉम्प्युटर टेबलावर अडवतो ती जागा सात हजारांची. बॉक्स मात्र सव्वादोन चौरस फुटांवर, म्हणजे ४५,००० रुपयांच्या मालमत्तेवर पाय पसरून झोपलाय, तेही गेली सात वर्षं, एक पैसा भाडं न देता, मेंटेनन्स न भरता, सोसायटीची एनओसी न घेता. बारा वर्षं विनातक्रार कब्जा राहिला की मालकीचा दावा लावता येतो, असा आपल्याकडे कायदा आहे. अजून पाच वर्षं काका गप्प बसले तर बॉक्स कोर्टात उभा राहील. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तर पर्यायी जागा मागेल, वर कॉर्पस फंडात हिस्सा. आणि मिळेलही त्याला. कागदपत्रं त्याच्या पोटातच आहेत. व्यवहारच करायचा तर काकांनी सरळ जाहिरात द्यावी: ‘बॉक्स विकणे आहे, ४५,०००, ताबा त्वरित, आतला कॉम्प्युटर मोफत.’

माळा चटईक्षेत्रात धरत नाहीत, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. ज्या शहरात जिन्याचं वळण, लिफ्टचा खड्डा आणि वॉचमनची खुर्ची ‘सुपर बिल्टअप’ म्हणून आम्हाला वर्षानुवर्षं विकली गेली, त्या शहरात माळ्याला लाजायचं कारण नाही. कॉम्प्युटरवाले तरी कुठे वेगळे आहेत? १ टीबीची डिस्क लावा, विंडोज ९३१ जीबी दाखवतं. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. १ टीबी हा सुपर बिल्टअप, ९३१ हा कार्पेट, आणि त्यातही रिकव्हरीचा कप्पा म्हणजे सामायिक लॉबी. पैसे आपले, पाय ठेवायचा नाही. घरांसाठी निदान २०१६ साली रेरा कायदा आला आणि चटईक्षेत्र सांगा म्हणाला. डिस्कला वाली नाही.

जाहिरातीवर चौकशा आल्या. ‘बॉक्सचा फोटो टाका.’ ‘बॉक्सवर सिरियल नंबर जुळतो का?’ ‘बॉक्स फाटलाय का?’ यंत्र चालू होतं का, हे एकानेही विचारलं नाही. आणि मालाडात विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे: यंत्र होतं कुठे? लिंक रोडच्या पलीकडे जुन्या कचराभूमीच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, तेव्हा तिथले एसी आणि कॉम्प्युटर भराभर मान टाकतायत अशी ओरड झाली होती. कुजत्या कचऱ्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो, तांबं खातो. मदरबोर्डवर दोन्ही असतात. वर खाडीचा खारा वारा आहेच. झाकण काढून बोर्डावरचे तांब्याचे डाग बघणं, पंख्यातली धूळ बघणं, डिस्क किती तास चालली ते बघणं, किंमत यावर ठरते. पण त्यासाठी झाकण काढावं लागतं, आणि झाकण काढलं की काकांना घाम फुटतो. सात वर्षांत त्यांनी ते एकदाही काढलेलं नाही. आतल्या धुळीचीही मोडतोड झालेली नाही, ती ओरिजिनल आहे.

काकांवर हसून झालं. आता काकांच्या बाजूने बोलतो, आणि इथे मला हसू येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार सरकारी फाइल मिटावी तसा मिटला. घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ, ती पण नावनोंदणी करून. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात, काकांचा सातव्या पिढीतला. एका पिढीने हुकला. मिक्सर टाकून देतो तेव्हा मोटर जळालेली असते, छत्री टाकतो तेव्हा काडी मोडलेली असते. इथे काय मोडलंय? पंखा फिरतोय, पडदा उजळतोय, एक स्क्रू ढिला नाही. लाखावर पैसे मोजून घेतलेली धडधाकट वस्तू कुणीतरी सातासमुद्रापार बसून एक यादी काढतो आणि ती भंगार होते. यादीत नाव नसेल तर तुमचा माल खराब, माल खराब म्हणून नवा घ्या, नवा घ्या म्हणून जुना आमच्या डंपिंगवर. कचरा आमचा, खाडी आमची, वास आमचा. यादी त्यांची. याला प्रगती म्हणायची असेल तर म्हणा, मी तोंडावर रुमाल धरून ऐकतो.

भंगारवाल्याला विचारलं. तो तराजूवर घेतो. जुना अवजड कॅबिनेट असता तर लोखंडाचे चार पैसे आले असते. हे यंत्र सव्वा-दीड किलोचं. कॉम्पॅक्टपणाची पूर्ण किंमत काकांना इथे कळली. बॉक्स मात्र तो आनंदाने न्यायला तयार होता, पुठ्ठ्याच्या भावात. काकांनी त्याला लिफ्टपर्यंत सोडलं नाही.

दरम्यान काकांच्या वाचनात आलं की एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, अगदी जुन्या डीडीआर फोरचेसुद्धा. बातमी खरी होती. जाहिरात बदलली: ७८,०००.

आणि मग खरा गिऱ्हाईक आला. नालासोपाऱ्याचा, ॲनिमेशनच्या क्लासचा पोरगा, पाठीला सॅक. त्याने झाकण उघडलं, टॉर्च मारला, डिस्कचे तास वाचले, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं आणि काहीही न बोलता ब्लेंडरमध्ये एक घनगोल फिरवून दाखवला. मुलीसाठी घेतलेल्या यंत्रावर पहिल्यांदाच थ्रीडी दिसलं. काका खुर्ची ओढून बसले. पोरगा म्हणाला, ‘काका, अठरा देतो. रॅममुळे दोन जास्त. आत्ता यूपीआय करतो.’

काका बघत राहिले. बघता बघता ७८ चे ४०, ४० चे २५ झाले. शेवटी काका स्वतःहून म्हणाले, ‘बरं, अठरा. आणि बॉक्सचे पाच.’

‘काका, बॉक्स नको. संध्याकाळची विरार लोकल आहे. मी चढू की बॉक्स चढवू? यंत्र सॅकमध्ये मावतंय.’

‘नको तर नको नेऊ, बाळा. माझी सक्ती नाही,’ काका समजुतीने म्हणाले. ‘पण बॉक्सचे पैसे द्यावे लागतील. ते पॅकेजमध्ये आहे.’

पोराला हे काही उमगेना. नालासोपाऱ्यात भाड्याने राहतो, अजून फ्लॅट बुक केलेला नाही. काकांनी केला आहे. काकांना गाडी चालवता येत नाही, कधी घेतलीही नाही. पण त्यांच्या करारनाम्यात एक स्टिल्ट पार्किंग आहे आणि त्याचे पैसे त्यांनी चेकने भरले आहेत.