छंद : निसर्गात रमणे

झरी जामणी तालुक्यातल्या पोरांना नोकऱ्या का लागत नाहीत, याचा शोध अखेर लागला. त्यांना छंद नाहीत.

हे एका रोजगार मार्गदर्शन शिबिरात कळलं. या शिबिरांचे वक्ते तुमच्या ओळखीचेच आहेत. अंगात कोट, कॉलरला माईक, यायला दोन तास उशीर आणि पहिला विषय 'वेळेचं व्यवस्थापन'. मंदीच्या काळात नोकरी मिळवायच्या त्यांनी बऱ्याच युक्त्या सांगितल्या. त्यातली माझ्या डोक्यात रुतून बसली ती ही, की बायोडेटातला छंदाचा रकाना कधीही रिकामा सोडायचा नाही. मुलाखत घेणारा म्हणे आधी तोच वाचतो. पदवी नंतर.

मागच्या रांगेतून पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एका कोलाम पोराने हात वर केला.

"सर, छंद नसला तं चालन काय?"

"असं कसं? मोकळ्या वेळात काय करतोस?"

"कापूस येचतो."

"आणि कापूस नसतो तेव्हा?"

"मंग तूर सोंगतो."

सरांनी क्षणभर विचार केला आणि त्याला 'निसर्गात रमणे' असं लिहायला सांगितलं.

मला हे फार आवडलं. एवढ्या वर्षांत या तालुक्याचं दुखणं कुणालाच इतक्या स्वस्तात बरं करता आलं नव्हतं. आता कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली बाई निसर्गात रमलेली असते. पैनगंगेत पोटासाठी जाळं टाकणारा जलक्रीडेचा शौकीन असतो. बांबूच्या टोपल्या आणि ताट्या विणणारा कोलाम म्हातारा तर हस्तकलेचा दर्दीच, कारण तीच टोपली शहरातल्या प्रदर्शनात दिव्याखाली ठेवली की कला होते आणि पोडावर असेपर्यंत तिचा भाव गिऱ्हाईक पायाने ढकलून ठरवतं. संग्रह म्हणाल तर आमच्या पोरांसारखे संग्राहक शोधून सापडणार नाहीत. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. ही पोरं दाखले जमवतात. रहिवासी, जातीचा, जात पडताळणीचा, शाळा सोडल्याचा, शिवाय उत्पन्नाचा, म्हणजे उत्पन्न नसल्याचा. प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स, प्लास्टिकच्या फाइलीत, पावसाळ्यात शर्टाच्या आत. वाचनाचा छंदही आहेच, जाहिराती वाचायचा. त्यातलं 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' हे वाक्य त्यांना तोंडपाठ आहे. आणि भाषा? हा पोरगा घरी कोलामी बोलतो, शाळेत मराठी शिकला, नदीपलीकडे आदिलाबादच्या बाजारात तेलुगूत भाव करतो आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडतो. सरांनी विचारलं, इंग्रजी येतं का? नाही म्हणाला. मग भाषांचा रकाना सोडून दे, म्हणाले.

म्हणजे रिकामा सोडायला परवानगी असलेला एक रकाना निघाला तर.

प्रवासाचा छंद मात्र लिहावाच, असा सरांचा आग्रह होता. त्याने माणूस 'ओपन माइंडेड' वाटतो. लिहितो ना, भरतीच्या परीक्षांचा प्रवास. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९००. वेचणीचे किलोला दहा रुपये धरले तरी नऊशे रुपयांचा कापूस नव्वद किलो होतो. नव्वद किलो पाठीवर वाहून पोराने फक्त 'सबमिट'चं बटण दाबायचा हक्क विकत घेतला. पुढे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात पडलं तर एसटी, रात्र बसस्टँडवर, सकाळी परीक्षा, परत एसटी. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या पेपरात कुणाला २१४ गुण पडले होते! हे सामान्यीकरण आहे, असं समजावून सांगण्यात आलं. पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतो, एखादं सत्र अवघड निघतं, म्हणून सूत्र लावून गुण समान पातळीवर आणतात. आणतात ते कळलं हो. पण नव्वद किलो कापूस कुठल्या सूत्राने समान पातळीवर येतो? ज्याला नोकरी नाही त्याच्याकडूनच नोकरी मागण्याचे पैसे घ्यायचे, जागा न मिळालेल्या लाखोंना छदाम परत करायचा नाही, आणि वर त्यालाच विचारायचं की बाबा, तुझे छंद कोणते? माझं डोकं फिरतं ते इथे. पोराने छंदांत 'गणित' लिहिलं नाही तेच बरं झालं.

या तालुक्यात बायोडेटा न देता बाहेर पडणारे दोनच इसम मला माहीत आहेत, कोळसा आणि चुनखडी. मार्की-मांगलीच्या कोळशाला कुणी अनुभव विचारला नाही. मुकुटबनच्या चुनखडीलाही नाही.

तसं पाहिलं तर या राज्यात १९७७ सालीच 'मागेल त्याला काम' म्हणत रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे दिल्लीनेही तसा कायदा केला. काम मागायचा त्याचा अर्ज, आपला नमुना ४, ग्रामपंचायतीत मिळतो. तो मी मुद्दाम उलटून पालटून पाहिला. नाव, गाव, जॉबकार्ड, काम कधीपासून पाहिजे, एवढंच विचारतात. छंदाचा रकाना नाही. सरांना म्हटलं, तुमच्या युक्त्यांत हा अर्ज कसा नाही? ते म्हणाले, तो विषय स्लाइडमध्ये नाही, आणि त्यांना पांढरकवड्याच्या शिबिराला आधीच उशीर होत होता.

जाताना अभिप्रायाचा कागद वाटला गेला. शिबिर कसं वाटलं? पर्याय दोन, उत्तम आणि अतिउत्तम. निसर्गात रमणाऱ्या पोराने अतिउत्तमवर खूण केली. कागद जमा केल्याशिवाय उपस्थितीचं प्रमाणपत्रही मिळणार नव्हतं आणि आलूबोंडाही.