कतरिना दिसली म्हणे

"कतरिना दिसली म्हने वं त्याइले!"

पलीकडच्या वहिनींनी कुंपणावरून बातमी फेकली आणि काकूंच्या हातातली तुरीची शेंग अर्धी सोललेलीच राहिली.

"कोन, ते सिनेमातली? आपल्याइकडे कायले येईन बाप्पा ते?"

"सिनेमातली नाई वं काकू. वाघीन! बोरची. तिचं नावच कतरिना ठेवलं लोकाइनं."

"मंग तसं सांग ना. मले वाटलं पुलगावात शूटिंग लागलं."

संक्रांत झाली की नाचणगावातल्या दुपारी सोले काढण्यात जातात. सुपात हिरव्या शेंगांचा ढीग, समोर पातेलं, आणि तोंड मोकळं. तारेच्या कुंपणाच्या एका अंगाला काकू, दुसऱ्या अंगाला वहिनी. कोपऱ्यावर माझं घर असल्यानं मला दोन्हीकडचं ऐकू येतं, आणि ते ऐकू येऊ नये अशी खटपट मी कधी केलेली नाही. त्या दिवशी विषय वहिनींच्या थोरल्याचा. तो नागपूरला नोकरीला. शनिवारी रात्री घरी येतो, रविवारी पहाटे पुलगावचे दोस्त गोळा करून कुठेतरी पसार होतो, आणि सोमवारी सगळी आळी त्याच्या स्टेटसवर ती सहल बघते. या रविवारी बोर झालं.

सेलू-हिंगणीच्या पुढे बोर धरण आणि त्याच्या मागचं जंगल. 2014 साली तो व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा देशातला सगळ्यात लहान म्हणून त्याचं नाव पेपरात आलं होतं. लहान असला तरी वाघांना नावं ठेवण्यात तो मागे नाही. तिथलाच बाजीराव 2017 च्या डिसेंबरात अमरावती-नागपूर महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत मेला, तेव्हा वर्ध्यात लोक घरचं कोणी गेल्यासारखे हळहळले होते.

वहिनींनी मोबाइल कुंपणावरून अलीकडे दिला. काकूंनी पदरानं आधी मोबाइलची काच पुसली, मग चष्म्याची. फोटो मित्राच्या मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेले आणि मग मोबाइलवर घेतलेले. पहिल्यात जिप्सीत बसलेली मंडळी. दुसऱ्यात तीच मंडळी, गॉगल लावून. तिसऱ्यात तीच, पण एकाचा हात लांब जंगलाकडे. चौथ्यात पोहे आणि वर लालभडक तर्री. काकू सरकवत राहिल्या. शेवटी गवताच्या आड पिवळसर काहीतरी आलं. वहिनींनी कुंपणावरून वाकून दोन बोटांनी ते मोठं केलं. जितकं मोठं केलं तितकं ते पुसट झालं.

"हे शेपूट हाये तिचं."

"शेपूट कायचं, वाळलं गवत हाये ते. अन् वाघीन असली तरी कतरिनाच कशावरून? तिची पोरगी असंन."

वहिनींना ते लागलं. पण त्यांच्याकडेही पुढचा माल तयार होता. शेजारच्या गल्लीतले काही जण म्हणे मागच्या वर्षी उमरेडकडे गेले होते आणि त्यांनी जिप्सीवाल्याला वाघिणीच्या अगदी तोंडाशी गाडी न्यायला लावली. हे खरं की खोटं, देव जाणे. आमच्या आळीत 'म्हणे' लावलं की पुरावा लागत नाही. पण तसा प्रकार घडला होता हे मात्र खरं. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मधे कोंडले गेले. त्याचे व्हिडिओ फिरले, चालक-गाइडांवर कारवाई झाली, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात तर पर्यटकांना मोबाइल न्यायला केव्हापासूनच बंदी आहे.

"लेकरं घेऊन रस्ता पार करून राह्यली होती वं बिचारी," काकू म्हणाल्या. "बाळंतिनीच्या खोलीत कोनी फोटो काढाले जाते काय?"

यावर वहिनींचं तोंड एक मिनिटभर बंद राहिलं. आळीच्या हिशेबानं हे फार झालं.

मग गाडी धाकट्यावर आली. धाकटा बारावीला. त्याला दूर जायला पैसे नाहीत म्हणून तो घराजवळच फिरतो आणि रील काढतो. रेल्वेच्या पुलाचं काढलं, वर्धा नदीचं काढलं, ते ठीक. पण परवा तो दोस्तांसोबत डेपोच्या भिंतीकडे मोबाइल रोखून उभा राहिला आणि कोणीतरी येऊन वहिनींना सांगितलं. पुलगावचं दारूगोळा भांडार म्हणजे काय हे या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. 2016 च्या मे महिन्याच्या अखेरच्या रात्री तिथे आग लागली, स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली, आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना अंधारात घरं सोडून निघावं लागलं. तिथे फोटो काढायचा नाही. पाटी लावलेली असो की नसो.

"म्या त्याले सांगतलं," वहिनी म्हणाल्या, "पोट्ट्या, लाइक मिळतीन का नाई मालूम नाई, पन ठाण्यातून बलावनं नक्की येईन."

पोरगं शहाणं निघालं. त्यानं ते काढून टाकलं आणि पुलगाव-आर्वी लाइनीच्या जुन्या रुळांवर मोर्चा वळवला. आपली शकुंतला. 1917 साली सुरू झालेली, पस्तीसेक किलोमीटरची छोटी लाइन, कापसासाठी टाकलेली. आता कित्येक वर्षं बंद. रुळांवर गाजरगवत, मधे बाभळी. धाकट्यानं खाली बसून, गवताच्या उंचीवरून, तो गंजका रूळ असा टिपलाय की पाहिल्यावर वाटावं पलीकडून आता शिट्टी येईल. थोरल्याच्या सगळ्या जिप्सीपेक्षा हा एक फोटो सरस आहे असं माझं मत. कुंपणावर मी ते बोलले नाही. दोन्ही भावांची आई समोर होती.

काकूंचं माहेर आर्वी. त्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"या गाडीनं माहेरी जात होतो वं मी. लेकरं पेंगाले लागले तरी आर्वी येत नव्हती. मधेच थांबे, कोनी उतरून बोरं तोडून आने, अन् पुन्हा चढे. पन माह्यापाशी त्या गाडीचा एक फोटो नाई. तवा कॅमेरा कोनापाशी होता? आता गाडी नाई, तं सारे फोटो काढून राह्यले."

काकूंपाशी त्या काळचा एकच फोटो आहे. लग्नानंतरचा, पुलगावच्या स्टुडिओतला. काकाजी खुर्चीवर, काकू बाजूला उभ्या, आणि मागच्या पडद्यावर रंगवलेलं काश्मीर: तळं, नाव, बर्फाचे डोंगर. नाचणगावच्या कितीतरी घरांत भिंतीवर हेच काश्मीर आहे. आठ आण्याची बस आणि फोटोग्राफरची फी एवढ्यात तेव्हा काश्मीर होऊन जायचं, आणि पडद्याला पडलेली घडी डोंगराच्या मधून सरळ खाली गेलेली दिसायची.

एवढ्यात तिसऱ्या बाजूनं गुरुजी पेपर परत द्यायला आले. गुरुजी सेवानिवृत्त, आणि सेवाग्रामचा विषय निघाला की घड्याळ विसरणारे. फोटोचं चाललंय म्हटल्यावर त्यांनी पेपर काखेत मारला.

"तुमच्या पोरांना कानू गांधी माहीत आहेत का?"

नव्हते. मलाही नुसतं नाव माहीत होतं. कानू म्हणजे गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा, आश्रमातच राहणारा, कामाला लागलेला तरुण. फोटो काढण्याची गोडी त्याला लावली विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजी भावे यांनी. कॅमेऱ्याला पैसे कुठले? घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आणि फिल्मचा रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या छंदाला आश्रम पैसे देणार नाही. या तीन अटींत राहून कानूंनी शेवटच्या दहाएक वर्षांतले गांधीजी टिपले: चालताना, लिहिताना, माणसांत बसलेले. इथून सेवाग्राम किती? देवळी आणि वर्धा ओलांडलं की आलंच.

"फ्लॅश नको हे बरं," काकू लगेच म्हणाल्या. "माहे डोळेच मिटतात. साऱ्या लग्नाइच्या फोटोत मी झोपेलच हावो."

"अन् पैशाची अट तं आमच्या थोरल्याले आजच सांगतो," वहिनी म्हणाल्या. "मोबाइलचा हप्ता अजून त्याचा बापच भरून राह्यला."

"पण पोझ नको म्हटलं," गुरुजी हसून म्हणाले, "तर पोरं तिथे जाऊन करतील काय?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं, घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आमची पोरं दर रविवारी बोरला जातात, पवनारला जातात, केळझरच्या गणपतीला जातात, गिरडच्या टेकडीवर जातात. जातात हे फार चांगलं. पण चारही ठिकाणचे फोटो एकत्र ठेवले तर कोणतं कुठलं हे शर्टाच्या रंगावरून ओळखावं लागतं. पवनारला धाम नदीच्या काळ्या खडकांत गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित झाल्या तिथे छत्री आहे, दर 12 फेब्रुवारीला तिथे मेळा भरतो, वर टेकाडावर विनोबांचा आश्रम. थोरल्याच्या फोटोत यातलं काय आहे? त्याचा दोस्त, दोन बोटं वर करून. छत्रीचा कळस त्याच्या कानामागून शिंगासारखा निघालाय.

गुरुजी गेले आणि वहिनींनी मनातली खरी गोष्ट काढली.

"काकू, पोट्टे जातात, मानसं जातात. आपुन कधी जायचं? अन् जाऊ तवा मी रोडगे भाजत राहीन, अन् फोटोत मी नसतोच. मांगच्या साली कौंडण्यपूरच्या सहलीत माहा एकच फोटो हाये. त्यात माही पाठ अन् धूर."

हे मात्र शंभर टक्के खरं. रोडगे म्हणजे काही पोळी नव्हे. कणकेच्या छोट्या पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकीत एक गुंडाळायच्या, गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, फिरवत राहायचं. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवून, वांग्याच्या भाजीसोबत खायचा. खाणारे दहा मिनिटांत मोकळे होतात आणि सेल्फीला पळतात. भाजणारीचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल.

म्हणून कुंपणावरच ठरलं. येत्या रविवारी बायकाच जायचं, कौंडण्यपूरला. आर्वी रस्त्यानं, देऊरवाड्याचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा आणि रुक्मिणीचं माहेर. काकूंचं माहेरही वाटेतच. गुरुजी पेपर द्यायचा विसरले म्हणून परत आले होते, त्यांनी जाता जाता सल्ला दिला: नदीकाठची देवळं पश्चिमेच्या काठावर आहेत, तेव्हा सकाळी जा. देऊरवाड्याकडून ऊन थेट घाटावर येतं. दुपार टळली की सूर्य देवळांच्या मागे जातो आणि फोटोत माणसं काळी पडतात. मोबाइलची मागची काच आधी पुसा, अर्धे फोटो तिथेच सुधारतात.

पाण्यात कोणी उतरायचं नाही हे काकूंनी बजावलं. 2021 च्या सप्टेंबरात वरूडकडे झुंज इथे याच वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसं गेली. दशक्रियेला आलेली माणसं होती ती. तेव्हा फोटो काठावरून, पाय कोरडे ठेवून.

फोटो काढायची जबाबदारी धाकट्यावर. त्याला सोबत न्यायला वहिनी नाराज होत्या, पण शकुंतलेचा रूळ बघून काकूंनी त्याची बाजू घेतली. अटी त्याच तीन, वर चौथी काकूंची: रोडगे भाजणारीचा फोटो समोरून काढायचा, पाठीमागून नाही. थोरल्याला घ्यायचं नाही. त्याची गाडी घ्यायची.

गाडीत एक जागा अजून रिकामी आहे. आळीतल्या कोणाला यायचं असेल तर शनिवारी दिवेलागणीपर्यंत काकूंकडे सांगावं. वर्गणी नाही, पण गोवऱ्या आपापल्या घरून आणाव्यात, आणि सकाळी साडेसहाला मारुतीच्या पारावर हजर राहावं. सातनंतर आलेल्यांसाठी गाडी थांबणार नाही.